पायाखाली सांडलेलं आगळ

खाला म्हणतात, मी रस्ता कमी आणि काटा जास्त बघतो. काटा म्हणजे इंजिनाची गरमी दाखवणारा. खोटं नाही ते. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून माझ्या पोटात एक भीती घर करून आहे, की काहीतरी बिघडणार, आणि बिघडेल तेव्हा मीच जवळ उभा असणार. काट्यानं त्या भीतीला निदान बसायला एक जागा दिली, एवढंच.

मी परभणीकडचा. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला रत्नागिरीत आलो आणि इथंच राहिलो. खाडीकाठच्या गावातलं हे घर, त्यात मी मावशी मानलेल्या खाला, त्यांचे मालक म्हणजे आमचे बाबाजी, आणि आखातात नोकरीला असलेला त्यांचा मुलगा. त्याला मी भाई म्हणतो. बाबाजींनी मला त्यांच्या बागेतल्या वाटेवर स्वतः शेजारी बसून गाडी शिकवली. मी क्लच सोडला की गाडी बेडकासारखी उडायची आणि बाबाजी म्हणायचे, "सावकाश रे, ती पण कोणाची तरी लेक हाय." खालांनी मासे खायला शिकवलं. पहिल्यांदा घशात काटा अडकला तेव्हा भाताचा गोळा गिळायला लावून वर हसल्या होत्या. या घराचं माझ्यावर किती ऋण आहे ते मला सांगता येत नाही. म्हणून त्यांची गाडी मी स्वतःच्या जिवासारखी जपतो.

त्या वर्षी बाबाजींना लकवा झाला. भाई धावत आला. बाप अंथरुणातून उठून भिंत धरून चालायला लागेपर्यंत तो हलला नाही. तिकडची मुदत सरत आली. ज्या देशात त्याची नोकरी, तिथं ठरलेल्या दिवसाच्या आत परत पाऊल पडलं नाही तर व्हिसा रद्द, आणि एकदा रद्द झाला की पुन्हा पहिल्यापासून रांगेत. घर चालायचं ते त्या नोकरीवर. बाबाजींची औषधं त्यावर, आंब्याच्या कलमांची फवारणी त्यावर, माझं ताटही त्यावरच. शेवटच्या दिवशी सकाळी मुंबईहून विमान होतं. आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघणार होतो.

आता गाडीचं. काही आठवड्यांपासून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होत होतं. रेडिएटरच्या बाजूच्या पांढऱ्या डब्यात खुणेपर्यंत भरावं, दोनचार दिवसांनी खुणेखाली गेलेलं दिसावं. मी रोज सकाळी पालथा पडून गाडीखाली बघायचो. थेंब नाही. अंगण जांभ्या दगडाचं, वर सारवलेलं, एकदम कोरडं. भाईनंही बघितलं. "खाली तर सुका हाय. तापून उडत असेल," तो म्हणाला. शहरातल्या गॅरेजात रेडिएटरचं झाकण बदलून दिलं. मी लाल कूलंटचा एक कॅन डिकीत ठेवला आणि गप्प बसलो.

आणखी एक गोष्ट होती, पण तिचा मी कूलंटशी संबंध जोडला नव्हता. पुढच्या काचेवर आतून चिकट थर बसायचा. रोज फडक्यानं पुसायचो. खाडीची हवा खारी, ती सगळ्याला चिकटते, असं इथं येणारा पहिल्या आठवड्यात शिकतो. मीही शिकलो होतो.

त्या दिवसांत शिमगा होता. गावागावांत देवाच्या पालख्या घरोघर फिरत होत्या, मुंबईकर सगळे घरी आलेले, रेल्वेची तिकिटं कधीच संपलेली, भाड्याच्या गाड्या कुणाकुणाच्या दारात अडकलेल्या. गाडी आमचीच होती म्हणून निर्धास्त होतो. म्हणजे भाई निर्धास्त होता.

खाला चिपळूणपर्यंत येणार होत्या, बहिणीच्या घरी. तिथून मुलाला निरोप द्यायचा आणि परत येताना मी त्यांना घ्यायचं. गाडी लागते म्हणून त्या पुढं बसतात. त्यांच्या पायाशी त्यांनी घरी केलेल्या कोकमाच्या आगळाच्या, म्हणजे खारवलेल्या लाल रसाच्या, बाटल्या होत्या, भाईनं तिकडं न्यायच्या. पिशवीत गुंडाळून, मध्ये जुने कपडे कोंबून.

बाबाजी दारापर्यंत आले, भिंत धरून. मुलाच्या डोक्यावर धड राहिलेला हात ठेवला. मग माझ्याकडं बघून अडखळत म्हणाले, "सावकाश." मी मान हलवली. पण त्या दिवशी सावकाश जाऊन भागणार नव्हतं.

हातखंब्याला पोचेपर्यंत काटा नेहमीपेक्षा एक बोट वर होता.  हायवेला लागल्यावर जरा खाली आला. बावनदीचा पूल ओलांडून चढ लागला, पुढं मुंबईकरांच्या गाड्यांची रांग, पहिल्या गिअरवर रखडत जाणं, वर मार्चचं ऊन. काटा चढायला लागला.

"भाई, एसी बंद करतो."

"कर."

काटा चढतच होता. जुने ड्रायव्हर सांगतात, इंजिन तापलं तर हिटर पूर्ण सोडायचा, गरमी थोडी आत ओढली जाते. मी काचा खाली केल्या आणि हिटर सोडला. खालांच्या तोंडावर गरम वारा आला.

"मना शिजवतोस काय रे? निदान मीठ तरी घाल."

"दोन मिनिटं, खाला. इंजिनासाठी."

काटा आधी थोडा उतरला, माझा जीवही भांड्यात पडला. आणि मग एकदम असा वर गेला की मी रस्ता सोडून गाडी कडेला घातली. बॉनेटखालून वाफ. काचेवरही आतून धुकं. गाडीत गोड वास सुटला होता, गुळाची ढेप उन्हात ठेवल्यासारखा.

आम्ही थांबलो. तापलेलं झाकण उघडायचं नसतं, पाणी तोंडावर येतं. वाट बघायची. भाई रस्त्यावर जाऊन एसटीला हात करत होता. एक गेली, दुसरी गेली, दारात माणसं लोंबकळत होती. कोण थांबणार? तो दरवेळी हात खाली घेताना घड्याळ बघायचा. मी ते बघायचं नाही असं ठरवून तेच बघत होतो.

खालांच्या बाजूचं दार उघडलं तर पायाखालची चटई लालभडक ओली.

"हाय अल्ला, आगळ सांडला," त्या म्हणाल्या.

मला माझाच राग आला. बाटल्या मीच ठेवल्या होत्या, झाकणं तपासायला हवी होती. सगळी घट्ट पिळली, पिशवी डिकीत नेऊन उभी बांधली, चटई पुसली. इंजिन निवलं तसं झाकण उघडलं. रेडिएटर कोरडा पडला होता. कॅन रिकामा केला, वर प्यायचं पाणी ओतलं. आणि पुन्हा पालथा पडलो. खाली एक थेंब नाही. काय सांगू, गळताना दिसलं असतं तर बरं वाटलं असतं. पाणी जातंय आणि कुठं जातंय ते कळत नाही, हे भयंकर.

जरा पुढं एक गॅरेज होतं, शटर बंद. शेजारचा टपरीवाला म्हणाला, "मेस्त्री वर वाडीत, घरी हाय. आज त्याच्या दारात पालखी यायची हाय. खाली यायचा नाय तो. तुमीच जावा."

लाल मातीच्या चढावरून गाडी कशीबशी वर नेली. काटा पुन्हा वरच. मेस्त्रीच्या अंगणात शिरलो तेव्हा तो पांढरा सदरा, पांढरा लेंगा, कपाळाला गुलाल असा दारात उभा. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, आणि त्या रांगोळीपासून हातभर अंतरावर आमची वाफाळणारी गाडी.

"वा! पालखीच्या आधी हाच देव आला काय?"

भाईनं सगळं सांगितलं. उद्याचं विमान, मुदत, सगळं. मेस्त्री ऐकत होता पण कान वाडीच्या दुसऱ्या टोकाला, ढोल वाजत होते तिकडं.

"बगा भाई, पालखी दारात येईपर्यंत मी घर सोडत नाय. आणि अंगाला तेल-ग्रीस लावून देवाम्होरं उभा कसा ऱ्हाऊ? ती गेली की बगतो."

"कधी जाईल?"

"ते तिच्या मनावर. आजून चार घरं हायत. एकेका घरात नाचली तर सांज."

 भाई ओट्याच्या कडेला बसला. आतून मेस्त्रीची बायको ओटीचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं खालांकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

"वरीसभर ग्रीसच्या हातानं जेवता, तवा देव कुठं जातो? हात धुवायला साबण नाय काय घरात?"

"अगो, पण नवा सदरा..."

"काढा तो. सदऱ्याला वळखत नाय देव, तुमाला वळखतो."

मेस्त्रीनं सदरा काढला. बनियनवर बॉनेटमध्ये वाकला. एकदा वाकल्यावर मात्र त्याचे कान ढोलावरून सुटले.

मी म्हटलं, "खाली काहीच गळत नाही."

"घाटावरचे काय तुमी? बोलण्यावरनं वाटला." तो हसला. "तुमची काळी माती पाणी धरून ठेवते. आमचा जांभा पिऊन टाकतो. हितं थेंब दिसायचा नाय." त्यानं पोरांना हाक मारून सुपारीच्या झाडाखाली गळून पडलेल्या विऱ्या आणायला लावल्या. त्या चामड्यासारख्या रुंद पात्यांवर इकडं लोक जेवतातही. त्या त्यानं ताटांसारख्या इंजिनाखाली एका शेजारी एक सरकवल्या. "ज्या विरीवर थेंब, त्याच्या वर भोक. बसा."

इंजिन निवायला वेळ द्यावा लागला. मग विहिरीचं पाणी भरलं, गाडी चालू केली, मी रेस देत राहिलो. ढोल एक घर जवळ आले. मेस्त्री पालथा पडून बघत होता. मलाही वाटलं, आता सापडेल. चांगली युक्ती होती.

विऱ्या कोरड्या राहिल्या. सगळ्या. डब्यातलं पाणी मात्र डोळ्यांदेखत खाली गेलं.

मेस्त्री उठून बसला. त्याचा चेहरा बदलला होता. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून बघितला, हुंगला. मग भाईकडं न बघता माझ्याशी बोलला.

"बाहेर गळत नाय म्हंजे आत जाता. हेड गॅस्केट, इंजिनातला सील, गेला असला तर इंजिन खोलायला लागेल. त्या कामाला ह्यो हात नाय पुरायचा, आणि आज तर नायच."

मी गाडी बंद केली.  भाईनं मोबाईल काढला, कुणाला तरी लावला, लागला नाही, परत खिशात ठेवला. "अब्बांना काय सांगू?" एवढंच म्हणाला. मला बाबाजींचा भिंतीवरचा हात दिसला. ज्या गाडीवर त्यांनी मला शिकवलं, तिच्यातून मी त्यांच्या मुलाला पोचवू शकत नव्हतो.

ओट्यावर मेस्त्रीच्या बायकोनं खालांना पाय धुवायला तांब्या दिला होता. खालांच्या तळव्यांना लाल राप बसला होता. पाणी ओतलं तरी सुटेना.

"कोकम सांडला वाटता गाडीत," ती म्हणाली.

"हो गो. रस्त्यात बाटली..." खाला बोलता बोलता थांबल्या. अंगठा बोटाला लावून उघडझाप करून बघितला. "पण ह्यो चिकट कसा?"

"सरबत चिकटच असतो."

"सरबत नाय हा. आगळ हाय. पोराला साखर हाय म्हणून मी नुसता मीठ घालते, साखरेचा दाणा नाय त्याच्यात. मिठाचा पाणी चिकट व्हता काय?" मग मला हाक मारली. "इकडं ये रे. माझ्या बाटल्या बघ."

मी डिकी उघडली. पिशवी जशी बांधली होती तशीच उभी. एकेक बाटली उजेडात धरली. सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. एकीचंही झाकण ओलं नव्हतं. धावत पुढं आलो, चटई उचलली. मी पुसून ठेवलेली चटई पुन्हा ओली होती, आणि खालचं कार्पेट दाबलं तर बोटांमधून लाल पाणी आलं.

"मेस्त्री!"

तो आला, कार्पेटवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. 

"रस्त्यात हिटर लावलावत काय?"

"लावला. आधी उतरला काटा, मग एकदम चढला."

"हात् तिच्या मारी!" त्यानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की मी सीटवर पडलो. "डॅशबोर्डाच्या आत बसतो हिटरचा छोटा रेडिएटर. त्याच्यात गरम पाणी फिरता. तो फुटला हाय. बाहेर कशाला गळेल? सगळा पाणी चाचींच्या पायावर! गॅस्केट-बिस्केट काय नाय."

काचेवरचा चिकट थर, गुळाचा वास, सगळं एकदम जागेवर बसलं. एवढे दिवस मी गाडीखाली शोधत होतो आणि ते आत खालांच्या पायाशी होतं.

"तो बदलायला डॅशबोर्ड खोलायला लागेल काय?" भाईनं विचारलं. 

"बदलायचा कशाला? कोकणात हिटर घेऊन काय पापड भाजायचे? इंजिनातनं दोन पाईप तिकडं जातात. दोन्ही काढतो आणि एकाचा पाणी परत इंजिनात फिरवतो. हिटर बाद."

पण हिटरचे पाईप सरळ होते. वाकवले की मुडपायचे, आणि मुडपलेल्या पाईपातून पाणी फिरत नाही. कोपऱ्यात आंब्याच्या फवारणीच्या पंपाचा पाईप गुंडाळून ठेवला होता. मी तो दाखवला. मेस्त्रीनं मान हलवली. "ह्यो दाब सोसतो, उकळता पाणी नाय. खेडच्या पुढं फुटेल आणि मना शिव्या घालाल." मग घराच्या मागं गेला. तिथं त्याची स्वतःची जीप उभी होती. तिचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला. परतला तेव्हा हातात तयार वाकणाचा काळा पाईप होता.

"अहो, तुमची गाडी?" मी म्हटलं.

"शिमगा झाल्याबिगर ती हलत नाय. तोवर दुसरा आणीन."

त्यानं आमचे दोन्ही पाईप सोडले. उरलेलं पाणी बादलीत पडलं. एक टोक बसवलं, क्लिप आवळली. दुसरं टोक बसवायला घेतलं आणि शिंग वाजलं. पालखी दारात आली.

त्यानं पाना तिथंच ठेवला. साबण घासून हात धुतले, सदरा अंगात घातला, आणि गाडीकडं वळूनही बघितलं नाही. मी त्या उघड्या टोकाकडं बघत राहिलो. अंगणात माणसंच माणसं, ढोल, ताशे, पालखी खांद्यांवरून डोलत आत आली, पाटावर बसली. मेस्त्रीच्या बायकोनं ओटी भरली. माझा सगळा जीव भाईच्या मनगटावरच्या घड्याळात होता. ऊन समोरच्या माडांच्या शेंड्यांवर गेलं होतं.

खाला ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करून. मला म्हणाल्या, "उभा ऱ्हा नीट. आमच्या दारावरनं पण जाते पालखी. बाबाजी नारळ देतात."

गावच्या एका म्हाताऱ्यानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. देवाला मोठ्यानं मागणं मागतात, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव साथ देतो. घरच्या माणसांसाठी मागितलं, गुराढोरांसाठी मागितलं. मेस्त्री पुढं वाकून त्याच्या कानाशी काही बोलला. म्हाताऱ्यानं आमच्या उघड्या बॉनेटकडं एकदा बघितलं.

"बा देवा म्हाराजा, आज तुज्या लेकराच्या दारात परगावची गाडी अडलेली हाय. त्यातला पोरगा उद्याला परमुलखात पोचायला हवा. त्याच्या वाटेत जी काय इडापिडा असंल ती दूर कर, आणि त्याला सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझ्या तोंडून ते किती जोरात आलं ते मला खालांच्या बघण्यावरून कळलं. भाई खाली बघत होता. त्याचेही ओठ हलले.

पालखी गेली. मेस्त्रीनं सदरा पुन्हा काढला, जणू मधे काही झालंच नव्हतं. दुसरं टोक बसलं, क्लिप आवळली. पाणी भरलं. गाडी चालू केली. काटा वर आला, मध्यावर आला, थांबला. पंख्याचा आवाज सुरू झाला, बंद झाला.  खाला गाडीत बसल्या, चप्पल काढली आणि पुसलेल्या कार्पेटवर पाय दाबून धरला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"सुका हाय," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी पिशवीतली एक बाटली मेस्त्रीच्या बायकोच्या हातात दिली. "कढी कर. आणि साखर घालू नको हा."

चिपळूणला निरोप उंबऱ्यातच झाला, आत जायलाही वेळ नव्हता. खालांनी मुलाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, मग मला म्हणाल्या, "आता तू काटा बघ. मी बोलायची नाय." पुढं परशुराम घाट, कशेडी. मी प्रत्येक चढाला काटा बघितला आणि तो मध्यावरून हलला नाही. तरी थांबून दोनदा बॉनेट उघडलं. तिसऱ्यांदा थांबायला लागलो तेव्हा भाई म्हणाला, "आता चल रे, बाबा."

विमानतळाच्या दारात त्यानं मला मिठी मारली आणि बॅगा ढकलत आत गेला. मी गाडीत बसून राहिलो. दुपार होऊन गेल्यावर तिकडून फोन आला. "शिक्का पडला. अब्बांना सांगितलाय."  मी म्हटलं, "काटा मध्यावरच होता, भाई." तो हसला.

परतताना खालांना घेतलं. वाडीचा फाटा आला तसं त्यांनी न सांगताच मी गाडी वळवली. मेस्त्रीसाठी चिपळुणातून वाकणाचा नवा पाईप घेतला होता, त्याच मापाचा. मेस्त्री अंगणात होता, आज साध्या सदऱ्यात.

"पोचला?" त्यानं लांबूनच विचारलं.

"पोचला," खाला म्हणाल्या. आणि मग, गाडी थांबली तरी काट्याकडंच बघत बसलेल्या माझ्याकडं बोट दाखवून, "ह्यो मात्र अजून पोचायचा हाय."